आमच्या घरात सगळे गावाला जातात

…नाही, पण मेला तर मेला म्हणायचं नाही, मग म्हणायचं तरी काय? तर म्हणे 'गावाला गेला' म्हणायचं! आणि का, ते विचारायचं नाही.

तुम्हाला सांगते, आमच्या घरात हा नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण भिंतीत खिळा ठोकावा तसा ठोकलेला आहे. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, सिनेमा सांगताना त्यात कोणीही मेलं, नायक मरो, खलनायक मरो, नाहीतर नायकाचा घोडा मरो, आपण म्हणायचं, "आबा, तो गावाला गेला." कुठल्या गावाला? विचारायचं नाही. एवढी सगळी माणसं तिथे मावतात कशी? विचारायचं नाही!

थांबा, सिनेमा 'सांगतात' म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही पोरगी आली कुठून आणि निघाली कुठे.

आबांना दिसत नाही. काचबिंदू. सहा वर्षं झाली. आणि या माणसानं आयुष्यभर काम काय केलं, तर थिएटरबाहेरचे सिनेमाचे बोर्ड रंगवले! ते दोन मजली बोर्ड असायचे ना, नायकाची नुसती भुवई हातभर लांब, नायिकेच्या डोळ्यातला एक थेंब आपल्या घागरीएवढा… ते आबांचे. चाळीस वर्षं शिडीवर. मग छापील फलक आले, मग डोळे गेले. आबा म्हणतात, क्रम बरोबर होता, उलटा असता तर जास्त त्रास झाला असता. पण सिनेमाची खोड जाते थोडीच? तर दर शनिवारी दुपारी चार वाजता आबा पलंगावर, मी त्यांच्या कानाशी, समोर टीव्ही. संवाद त्यांना ऐकू येतात, मधलं सगळं मी भरायचं. "आता ती जिन्यात आली. आता तिनं पत्र फाडलं. आता तो आरशात बघतोय, आणि आबा, त्याला वाटतंय आपण छान दिसतोय." आणि सुरू करायच्या आधी आबांचा एक ठरलेला प्रश्न, "पोस्टर सांग." मग मी सांगायचं, मधे नायक आहे, पिवळा शर्ट, खाली आग लागलीय, वर डाव्या कोपऱ्यात एक बाई आहे, निळसर रंगात. आबा म्हणायचे, "हं." आणि मग बसायचे निवांत.

आता तो नियम कुठून आला? डॉक्टरकडून. पाच वर्षांपूर्वी आबांच्या छातीत दुखलं, डॉक्टर म्हणाले, यांना धक्का बसेल असं काही सांगू नका. झालं! मोठ्या काकांनी तेवढंच पकडलं. माझे मोठे काका पाणीखात्यात होते, आता निवृत्त आहेत, पण आहेत कसले निवृत्त! आयुष्यभर कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती फिरवायचा हे ठरवलं, आता घरात कोणाला कुठली बातमी किती सोडायची हे ठरवतात. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सिनेमा चालेल का?" डॉक्टरांच्या दाराशी वीस पेशंट, ते म्हणाले, "चालेल हो, फक्त मरणं-बिरणं नको." ते डॉक्टर नंतर परदेशी गेले, दुसरे आले, दुसरे जाऊन तिसरे आले, तिसऱ्यांनी आबांना जिना चढायलासुद्धा सांगितलं. पण नियम? नियम तिथेच! "काका, आता तर आबा ठणठणीत आहेत…" "तू कॉलेज शिकलीस म्हणजे फार शहाणी झालीस का?" आता यावर काय बोलणार? कॉलेज शिकले म्हणजे थोडी तरी झाले असेन ना! त्याचसाठी पाठवलं होतं ना मला?

आणि नुसतं मी 'गावाला गेला' म्हणून भागतंय का? सिनेमातली माणसं तर बोलणारच ना, 'अरे देवा, हा मेला' म्हणून? तर त्यावर काकांनी इलाज काढला. काका स्वतः रिमोट घेऊन बसणार आणि कोणी मरायला लागलं की आवाज बंद! व्हॉल्व्ह! आबा विचारणार, "आवाज का गेला?" काका म्हणणार, "लाइन खराब आहे." पाच वर्षं आमची लाइन बरोब्बर कोणी मरायला टेकलं की खराब होते.

एका लढाईच्या सिनेमात शेवटच्या वीस मिनिटांत अख्खी पलटण गावाला गेली, तुम्हाला सांगते! टीव्ही मुका, काका घामाघूम, आणि मी आपली, "आबा, कॅप्टन गावाला गेला. आबा, स्वयंपाकी पण गावाला गेला. आबा, तो बासरीवाला…" आबा म्हणाले, "एवढ्या सगळ्यांना एकदम रजा मंजूर कशी झाली?" एक कोर्टाचा सिनेमा होता, त्यात एकानं मेहुण्याला सुरी भोसकून गावाला पाठवलं, आणि काकांचा तेवढ्यात डोळा लागला, त्यामुळे न्यायाधीश धडधडीत बोलून गेला, जन्मठेप! आबा म्हणाले, "मेहुण्याला गावाला पाठवलं म्हणून जन्मठेप? कायदा फारच कडक झाला." आणि भुताचा सिनेमा तर विचारूच नका. "आबा, तो… गावाहून परत आला." "मग ही सगळी किंचाळतायत का? पाणी द्या म्हणावं त्याला, प्रवासातून आलाय."

हसताय? हसा. आम्हीही हसायचो. म्हणजे मी आणि आत्या.

आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची धाकटी बहीण, आबांची एकुलती मुलगी. घरात तिला सगळे शिट्टी म्हणायचे. कारण नायक पडद्यावर आला की ती शिट्टी मारायची. दोन बोटं तोंडात घालून, खणखणीत! पन्नाशी उलटल्यावरसुद्धा! काका म्हणायचे, "बाईमाणसाला शोभतं का?" ती म्हणायची, "तुला वाजवता येत नाही म्हणून बोलतोस." आणि खरंच त्यांना येत नाही. नोकरी तिची दाताच्या दवाखान्यात, नंबर पुकारायची. "नंबर तीऽन!" असं पुकारलं की दुखणारा दातसुद्धा घाबरून गप्प व्हायचा. दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची आणि शनिवारी पावणेचारला आमच्या दारात हजर. बसायची माझ्या दुसऱ्या बाजूला. आणि आमची भांडणं!

कारण तिची आवड म्हणजे काय सांगू! ज्यात आई हरवते, मूल हरवतं, मूल सापडतं तोवर आईची स्मृती हरवते, असले. तिचं म्हणणं, ज्या सिनेमात रडू येत नाही तो सिनेमा नाही, बातम्या आहेत. सिनेमा कसा होता विचारलं तर म्हणायची, "दीड रुमाल." तिचा सगळ्यात मोठा सिनेमा चार रुमालांचा होता, त्यात मी एक उशीची खोळ मोजलेली नाही. आणि मी? मी नाक मुरडायचे. कॉलेज ना! मी म्हणायचे, आत्या, हे तुला रडवतायत, यांनी बटण दाबलं की तू रडतेस. ती म्हणायची, "दाबू देत की, बटण माझंच आहे." आणि खरं सांगू, ती हुंदके द्यायला लागली की मला पण यायचंच. एकीकडे सांगतेय, "आबा, ती आई… सूं… गावाला गेली," आणि नाक ओढतेय. आबा मधे, आम्ही दोघी दोन्हीकडून सूं सूं.

पण एक सिनेमा असा होता, ज्यावर आमचं दोघींचं एकमत होतं. वाईट म्हणून! तो तीन तासांचा त्यागी मोठ्या भावाचा. तुम्ही पाहिला असेल, न पाहून सांगता कोणाला! तो भाऊ सगळ्यांचं सगळं ठरवतो. धाकट्यानं काय शिकायचं, बहिणीनं कुठे राहायचं, म्हाताऱ्या बापाला काय कळू द्यायचं, काय नाही. कोणाला विचारत नाही. आणि शेवटी सगळे त्याच्या पायाशी बसून रडतात, की दादा, तू आमच्यासाठी झिजलास! अरे, त्याला सांगितलं कोणी होतं झिजायला? एकानं तरी उठून विचारायचं ना! पूर्ण थिएटर रडत होतं आणि मी आणि आत्या शेंगदाणे खात होतो. हा काकांचा सर्वांत आवडता सिनेमा. अकरा वेळा पाहिलाय. बाबांनी नऊ वेळा. काकांबरोबर.

आणि मला आवडलेला? तो दीपगृहाच्या राखणदाराचा. त्यात काही होत नाही. तो रोज जिना चढतो, दिवा लावतो, उतरतो. एकदा त्याला एक पत्र येतं. ते तो उघडत नाही. संपला सिनेमा. मला असलं भरून आलं होतं! पण सांगताना माझी वाट लागली.

"आता काय करतोय?"

"बघतोय, आबा."

"कुठे?"

"समुद्राकडे."

"बरं… आता?"

"अजून बघतोय."

"त्याला दुसरं काम नाही का गं?"

"आबा, हेच त्याचं काम आहे."

"मग मी पण सहा वर्षं कामावरच आहे म्हणायचं."

आत्या अर्ध्या तासात घोरायला लागली. शेवटी जागी झाली, समोर समुद्र दिसला, समुद्रालाच शिट्टी मारली. आणि म्हणते काय, "पत्र उघडायला हवं होतं मेल्यानं." दोन दिवस मी तिच्याशी भांडले! अगं, न उघडण्यातच तर सगळी गंमत आहे, ते पत्र बंद आहे म्हणून तो सिनेमा आहे! ती म्हणाली, "गंमत तुला गं. ज्यानं लिहिलं त्याचं काय?"

ही आत्या पाच आठवड्यांपूर्वी मेली. मंगळवारी, सकाळी साडेदहाला, दवाखान्यात, टेबलावर. "नंबर चाऽर" म्हणाली आणि पुढे काही बोललीच नाही. चार नंबरवाला आत जाऊन दात काढून बाहेर आला तरी पाच नंबरवाला बसलेलाच, आपली हाक आली नाही म्हणून. मग त्यानं टेबलाशी जाऊन बघितलं.

आता तुम्ही गप्प झालात. होऊ नका. मीही रडले नाही. माझा आवाज चढलेला ऐकून तुम्हाला वाटत असेल, हिच्या आत काहीतरी पेटलंय. छे हो. आवाजाला सवय आहे चढायची, आत काही नाही. फोन आला तेव्हा मी कामावर होते. मी एका विमा कंपनीत तक्रारी ऐकते. दिवसभर, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." बाबांनी फोन करून सांगितलं, शिट्टी गेली, आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून आलं, "नोंदवून घेतलं आहे." तेवढंच. मला काही वाटलं नाही.

आणि आबांना काय सांगितलं असेल? ओळखा! दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे निघालो, आत्याला पोचवायला. तर काकांनी आबांना सांगितलं, आम्ही लग्नाला जातोय! बुधवारी! सकाळी सातला! चार माणसं, कोणाच्या तोंडातून शब्द नाही, आणि लग्नाला! परत आलो तर आबांनी विचारलं, "जेवण कसं होतं?" काका म्हणाले, "छान होतं." बाबा मोरीत जाऊन नळ सोडून उभे राहिले, अर्धा तास. आबांनी विचारलं, "आणि शिट्टी नाही आली?" काका म्हणाले, "ती परस्पर गावाला गेली."

घ्या. पाच वर्षं मी ते वाक्य वापरून वापरून गुळगुळीत केलेलं, आणि काकांनी ते उचललं आणि माझ्या आत्याला लावलं. मी तिथेच उभी होते. काही बोलले का? नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मीही मान हलवली. हो आबा, गावाला.

आणि पुढची अक्कल ऐका. काकांनी आत्याचा फोटो मोठा करून आणला, चौकट, काच, सगळं. आणला आणि लपवला. कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून. का, तर आबांच्या दृष्टीला पडू नये! अहो, आबांच्या दृष्टीला! मी म्हटलं, "काका, आबांना दिसत नाही." काका म्हणाले, "कशाला उगाच?" आता यावर तुम्ही काय विचाराल? विचारायचं नाही.

मग शनिवार आला. चार वाजता मी टीव्ही लावला. सिनेमा आत्याच्या पठडीतला, मूल हरवतं, आई वणवण फिरते. मी सांगत होते. "आई पुलावर आली. आई बसली. आई गावाला गेली." आबा म्हणाले, "हं." नाक ओढावं असं काही झालंच नाही. पुढच्या शनिवारी विनोदी लावला, लोक टीव्हीत हसत होते, मी सांगत होते, "तो पडला. तो पुन्हा पडला." तिसऱ्या शनिवारी माझा तो दीपगृहाचा लावला, मुद्दाम, म्हटलं निदान यानं तरी काहीतरी हलेल. राखणदार जिना चढला. राखणदार उतरला. मला वाटलं, हा काय बिनकामाचा सिनेमा आहे. याला चांगला म्हणणारी कोण होती? मीच होते ना?

आणि दर शनिवारी आबा विचारायचे, "शिट्टी आली का?"

"गावाहून आली नाही अजून," बाबा.

"कुठल्या गावाला गेलीय?"

"मैत्रिणीच्या."

"तिला मैत्रीण कधीपासून?"

यावर बाबा नळ सोडायला.

"फोन लावा मग तिला."

"रेंज नाही तिकडे," काका.

चार शनिवार रेंज नव्हती. पाचव्या शनिवारी, म्हणजे परवाच, आबा साडेतीनलाच उठून बसले, म्हणाले, "आज शिट्टीशी बोलल्याशिवाय मी सिनेमा ऐकणार नाही. चहा पण घेणार नाही." आणि चहाचा कप सरकवला बाजूला. आमच्या आबांनी चहा सरकवला म्हणजे विषय संपला!

तर स्वयंपाकघरात बैठक. काका, बाबा, आई, मी. दार लोटून. आणि काका माझ्याकडे बघून म्हणतात, "तू कर शिट्टीचा आवाज."

आता हे खरंय की मी आवाज काढते. आताही काढतेय बघा सगळ्यांचे. आणि आत्याचा तर मी असा काढायचे, की तीच मला म्हणायची, "कर ना गं माझा, मला ऐकायचाय." एकदा तिच्यासमोरच तिच्या फोनवरून आबांशी दहा मिनिटं तिच्या आवाजात बोलले होते, आबा आपले, "बरं शिट्टी, हो शिट्टी," आणि आत्या तोंडात पदर कोंबून लोळत होती. ते काकांच्या लक्षात राहिलं होतं. दुसरं काही राहिलं नाही, ते राहिलं.

"दोन मिनिटांचं काम आहे," काका म्हणाले. "आबा, मी बरी आहे, इथे रेंज नसते, काळजी करू नका. की फोन ठेवायचा."

"आणि पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या शनिवारचं पुढच्या शनिवारी बघू."

"बाबा, तुम्ही तरी बोला. बहीण होती तुमची."

"म्हणून तर…" बाबा म्हणाले. म्हणून तर काय? पुढे काही नाही! "दादा म्हणतोय तर…" हे पण अर्धंच! आमच्या बाबांचं प्रत्येक वाक्य दादाकडे जाऊन संपतं.

"हळू बोल गं," आई म्हणाली. "ऐकू जाईल."

"तुझं तर कामच आहे फोनवर गोड बोलायचं," काका म्हणाले. "आणि सिनेमातली दोनशे माणसं गावाला पाठवलीस तेव्हा नाही जीभ जड झाली? आता एका माणसानं काय होतंय?"

आता बघा, हे वाक्य चिडण्यासारखं होतं की नाही? एरवी मी अख्खी चाळणी केली असती काकांची. पण आत शोधलं तर राग सापडेना. मी नुसती विचार करत होते, की हा आवाज आता जगात कुठे आहे? दवाखान्यात नाही, दोन गल्ल्या सोडून नाही, तिच्या फोनवर नाही. एकाच जागी आहे, माझ्या गळ्यात. पाच आठवडे मी तो काढलेला नाही, न्हाणीघरात एकटी असतानासुद्धा नाही. चुकीचा निघाला तर तीही गेली. आणि बरोबर निघाला तर? तर काका तो दर शनिवारी मागणार. मग तो आत्याचा आवाज राहणार नाही. तो काकांचा होईल. त्या त्यागी भावाचा!

एवढ्यात बाबांनी बाहेर जाऊन आबांच्या हातात आपला फोन दिला. इकडे काकांनी माझ्या फोनवरून लावला, माझ्या कानाला धरला. मधे एक भिंत, अर्ध्या विटेची. आबांच्या हातातली घंटी आम्हाला भिंतीतून ऐकू येतेय, आणि काकांना वाटतंय, आम्ही लांब गावाला आहोत!

"हॅलो? शिट्टी?" फोनमधूनही, भिंतीतूनही. दोन आबा.

मी गप्प. काका हात जोडून समोर उभे. "बोल, बोल…"

"बोलत नाहीस होय? रुसलीस?" आबा म्हणाले. "बरं, नको बोलू. शिट्टी तरी मार एक."

झालं! हे काकांच्या आखणीत नव्हतं! आवाज मी काढते, पण शिट्टी मला येत नाही. बाबांना येत नाही. आईनं तर हातच वर केले. काका इकडे बघतात, तिकडे बघतात, आणि तुम्हाला सांगते, पाणीखात्याच्या त्या सत्तर वर्षांच्या माणसानं स्वतःची दोन बोटं तोंडात घातली! गाल फुगवले! डोळे बाहेर! आणि फोनवर वाकून…

"फुस्स्स्स…"

 मग फोनमधून आणि भिंतीतून आबा म्हणाले, "ही शिट्टीची शिट्टी नव्हे. सायकलच्या चाकातली हवा गेली."

काका पुन्हा गाल फुगवायला लागले. त्यांच्या हनुवटीवर थुंकी आली होती, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की हा माणूस घाबरलाय. आबांना धक्का बसेल म्हणून नव्हे हो. ते वाक्य एकदा घरात कोणी बोललं, की त्यांनाही ऐकावं लागणार होतं. पाच आठवडे ते पत्र कोणीच उघडलेलं नव्हतं. ना आबांनी, ना काकांनी, ना मी.

मी फोन बंद केला. दार उघडलं. बाहेर गेले. मागून तिघं, एकमेकांना ढकलत.

"आबा, फोनवर मी होते."

"कळलं. तुझा श्वास आहे तो. दर शनिवारी कानाशी असतो."

"आबा, आत्या…"

"गावाला!" काका मागून ओरडले. "गावाला गेलीय ती, येईल, सांग ना गं!"

"नाही," मी म्हटलं. आणि ओरडले नाही, नवल म्हणजे. "मी नाही सांगणार. आजपासून मी कोणालाच गावाला पाठवणार नाही, घोड्यालासुद्धा नाही. आबा, आत्या मेली. पाच आठवडे झाले. आम्ही लग्नाला नव्हतो गेलो."

आमच्या घरात तो शब्द पाच वर्षांत पहिल्यांदा.   आणि काकांनी काय केलं माहितीय? टेबलावरचा रिमोट उचलला आणि बटण दाबलं. आवाज बंद करायचं. टीव्ही लावलेलाच नव्हता.

आबा बराच वेळ पलंगाची कड चाचपत राहिले.

"दवाखान्यात?"

"हो. चौथा नंबर पुकारला आणि…"

"म्हणजे चौथ्याचं काम झालं."

"झालं."

"हं." मग म्हणाले, "मला वाटलंच. लग्नाहून आलीस त्या दिवसापासून सिनेमात तू नाक ओढलं नाहीस. आधी वाटलं सर्दी बरी झाली." आणि मग तोंड फिरवलं, बरोब्बर काका उभे होते तिकडे. "आणि तुला रे, काय वाटलं, सिनेमात कोण मरतं ते मला कळत नाही? चाळीस वर्षं मरणारे मीच रंगवलेत. वर डाव्या कोपऱ्यात, निळे. ही पोस्टर सांगते तेव्हाच मला सगळे माहीत होतात. पुढचे तीन तास तुमची गंमत ऐकतो."

काकांनी हातातला रिमोट टेबलावर ठेवला. काकांसारख्या माणसानं रिमोट सोडला म्हणजे बघा!

"आता तो कपाटामागचा फोटो काढ," आबा म्हणाले. "दार उघडलं की पाच आठवडे काच वाजतेय."

काकांनी निमूट फोटो काढला. बाबांनी स्टूल धरलं, आईनं खिळा दिला. आबा पलंगावरून, "वर. अजून वर. डावीकडे घे." काका ठोकत होते, त्यांचे खांदे हलत होते, खिळ्यामुळे की कशामुळे, ते आम्ही कोणी बघितलं नाही. आबांनी थंड झालेला चहा ओढला. मी उभी. वाटलं, आता येईल, आता नक्की रडू येईल, दीड रुमाल तरी… नाही आलं. नोंदवून घेतलं फक्त.

फोटो लागला. सगळे लांब होऊन बघायला लागले. आबांनी मान कलती केली आणि म्हणाले, "तिरका लावलास."

तुम्हाला सांगते, फोटो खरंच तिरका होता. चांगला दोन बोटं. आता ज्याला दिसत नाही त्या माणसाला हे कळलं कसं?

…कोणी विचारलं नाही.